मोटर जळलेली असू दे

शुद्धलेखनाच्या चुका असतील तर माफ करा. शाळा मी नववीत सोडली, आणि तेव्हापासून लिहिणं म्हणजे कामाच्या फॉर्मवर लिहितो तेवढंच – मशीन कुठलं, बिघाड काय, पार्ट बदलला का. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. पण इथे माझे शब्द थोडे आहेत. मी भांडी धुण्याची मशीनं दुरुस्त करतो. एका घरी पाणी बाहेर न टाकणारं मशीन बघायला गेलो होतो, आणि काम संपेपर्यंत त्या घरातल्या काकू बोलत होत्या. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, म्हणून मी मान हलवत होतो. त्या जे बोलल्या ते जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिलंय.

– हो, तीच. ओट्याखाली ऐटीत बसलीय ना, तीच. महाराणी म्हणते मी तिला. काय होतंय म्हणून मला काय विचारतोस, दार उघड आणि बघ. उघड ना, चावत नाही ती. बघितलंस? तळाला चार बोटं पाणी, वर तेलाचे डोळे, आणि मधे एक चमचा पोहतोय. धुते हो, धुत नाही असं म्हणायची सोय नाही – तासभर घुसळते, गुरगुरते, गरम वाफा सोडते, आणि शेवटी सगळी घाण पाण्यासकट पोटात ठेवून लाल दिवा लावून बसते. वर पिंपिं करून मला बोलावते. म्हणजे काम माझं आणि शिट्टी तिची. मुलाने घेऊन दिली. 'आई, यापुढे तू पाण्यात हात घालायचा नाहीस.' शब्दाचा पक्का आहे हो माझा मुलगा – आता मी पाण्यात हात नाही घालत, मग घालते. काल सकाळी एकोणीस मग उपसले. पुस्तकात काय लिहिलंय माहितीये? 'धुणे संपल्यावर यंत्र आपोआप पाणी बाहेर टाकेल.' आपोआप! या घरात आपोआप होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे धूळ.

– कधीपासून म्हणजे, असंच, दोन-चार दिवस. पाच म्हण. बुधवार– नाही, वार कशाला हवाय तुला, वाराने काय मोटर कळणार आहे का? हो, मोटरच असणार. मला पहिल्यापासून वाटतंय, मोटर जळलीय. वास येतोय बघ जळका. येत नाही? नीट घे ना वास, असा लांबून काय घेतोस, डोकं घाल आत. नाही? सर्दी आहे का तुला? बरं, राहिलं. तुझ्या पद्धतीने कर. जाळीपासून सुरुवात करायची असते का? कर बाबा, जाळीपासून कर. पाणी या बादलीत घे. तो स्पंज नको, तो चांगला आहे, हा घे.

– काय निघालं जाळीतून? लिंबाची बी. आणि बाटलीवरच्या लेबलचा कागद. आणि? आणि काही नाही? अरे, चांगलं बघ, उलटी करून बघ. एवढी महागाची जाळी आणि तिच्यात एक बी? आमच्या शेजारणीच्या मशीनमधून म्हणे अख्खं झाकण निघालं होतं औषधाच्या बाटलीचं. काही लोकांचं नशीबच मोठं. म्हणजे एवढ्याने पाणी अडलेलं नाही म्हणतोस. बरं. मग आता मोटर ना? उघड तिचं झाकण. मला माहितीये कुठे असतं, त्या खळग्यात डाव्या हाताला, एक स्क्रू आहे. असा काय बघतोस? पाइपांच्या माणसाशी संसार केलाय मी चाळीस वर्षं, मलाही चार गोष्टी कळतात. आमचे हे प्लंबर. होते नाही, आहेत. या रस्त्यावरच्या निम्म्या घरांतले नळ यांच्या हातचे आहेत. समोरची ती पाच मजल्यांची इमारत दिसते? तिच्या गच्चीपासून तळापर्यंत एकही सांधा असा नाही जो यांनी आवळला नाही. आणि यांच्या हाताखाली तयार झालेली अकरा माणसं या गावात दुकानं थाटून बसलीत. एकाला नुसता फोन केला असता ना, तर जेवत्या ताटावरून उठून आला असता. म्हणूनच नाही केला. तुला कोणी शिकवलं? कंपनीने? छान. यांना ओळखत नाहीस ना? अजूनच छान.

– हे? हे बाहेर गेलेत. वॉशर आणायला पाठवलंय. असा वॉशर सांगितलाय जो बाजारात गेली दहा वर्षं मिळत नाही. पाच वाजेपर्यंत तरी चार दुकानं फिरतील, प्रत्येक दुकानदाराला हल्लीच्या मालाची लायकी समजावतील, आणि रिकाम्या हाताने येतील. तोवर तुझं उरकलं पाहिजे. नाही, घाई नाही रे, निवांत कर – फक्त पाचच्या आत निवांत कर.

– मोटरचा पंखा मोकळा आहे? म्हणजे फिरतोय? बोटाने फिरवून काय कळतंय, वीज लावल्यावर फिरायला हवा ना. जळलेला पंखासुद्धा बोटाने फिरतो. हं, लाव. लाव स्वतःचा पाइप मागे. खेच तिला पुढे, खेच, मी धरते – अगं बाई, काय वजन आहे! महाराणी उगाच नाही म्हणत. आता तुझा पाइप बादलीत सोड. कर चालू. मी सांगते तुला, घुंऽ करेल आणि गप्प बसेल. मोटर गेलेली असली की घुंऽ करते आणि– 

– अरे देवा.

– हो, दिसतंय. दिसतंय मला. भरली बादली. बंद कर, बंद कर, सांडतंय. तू हसतोस काय? 'काकू, चांगली बातमी आहे, मोटर ठीक आहे.' अर्धा तास हं-हूंपलीकडे काही नाही, आणि पहिलं धड वाक्य बोलायचं ते हे? याला चांगली बातमी म्हणतात तुमच्या कंपनीत? ती मोटर तू बदल. ठीक असली तरी बदल. गाडीत असेल ना नवी? मग आण आणि बसव. मी म्हणतेय ना. लोक तुझ्याशी घासाघीस करतात, पार्ट टाकू नकोस म्हणतात, आणि मी टाक म्हणतेय तर तुझा चेहरा असा झालाय जसं काही मी तुला चोरी करायला सांगतेय.

– बस. बस जरा त्या स्टुलावर. फॉर्म नंतर भर. तुला वाटत असेल म्हातारीचं डोकं फिरलंय. डोकं फिरलेलं परवडलं असतं रे. उद्या दहा वाजताची वेळ घेतलीय डॉक्टरची. माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी. विसरण्याचा डॉक्टर आहे तो. म्हणजे तो स्वतः नाही विसरत, तपासतो. मुलाने फोनवरून वेळ घेतली. आजपर्यंत तीनदा घेतली त्याने, आणि तीनदा मी रद्द केली. एकदा माझा गुडघा दुखत होता. एकदा पाहुणे येणार होते – कोण पाहुणे ते मुलाने विचारलं नाही, त्याचे उपकार. तिसऱ्यांदा म्हटलं, घरी मेकॅनिक यायचाय. तेव्हा महाराणी चांगली चालत होती, म्हणजे तुझ्या नावाने मी दोन महिने आधीच खोटं बोललेय. मुलगा म्हणतो, आई, नुसतं तपासून घ्यायला काय जातं? त्याला काय सांगू काय जातं. तो एवढाएवढा होता तेव्हापासून त्याने बापाला कुठल्याही बंद खोलीत सोडलं असतं ना, तरी भिंतीला कान लावून बापाने सांगितलं असतं, इथून पाणी जातंय, इथे आडवा पाइप आहे. त्या माणसाला टेबलासमोर बसवून कोणीतरी विचारणार, काका, आज वार कोणता? आणि हे माझ्याकडे बघणार. हे नाही म्हणणार नाहीत हो, मी नुसतं 'उठा, जायचंय' म्हटलं की चप्पल घालून निघतील, दोन बस बदलायच्या असल्या तरी. माझं म्हणणं यांनी कधी मोडलं नाही. म्हणून तर सांगवत नाही.

– म्हणून मी ठरवलं. देवाशी नाही, महाराणीशी. म्हटलं, मेकॅनिक येईल, तो सांगेल. मशीनचा दोष निघाला – जाळी, मोटर, पंखा, काहीही – तर उद्याची वेळ चौथ्यांदा रद्द. आणि नाहीच निघाला, तर मुकाट्याने उठायचं आणि यांना घेऊन जायचं. अडाणीपणा आहे, मला कळतं. पण दोन महिने मी शहाणपणाने वागून बघितलं, त्यात काही ठरलं नाही. तू मात्र आल्या आल्या एक-एक बरोबर ठरवत निघालास. जाळी स्वच्छ, पंखा मोकळा, मोटर ठीक. काय रे, तुला एक बिघाड सापडू नये? कसला मेकॅनिक तू?

– आता तिकडे कुठे? पाइप बघ ना. मशीनच्या मागचा पाइप. मुडपला असेल. दबला असेल भिंतीत. नाही दबला? सरळ आहे? मग आतून तुंबला असेल. फुंक. फुंक जोरात. अरे, गाल फुगले तुझे, कान लाल झाले, हवा जातच नाही! बघ, म्हणत नव्हते मी! तुंबलाय. पाइपच तुंबलाय, म्हणजे मशीनचाच दोष ना? पाइप मशीनबरोबर आला होता, म्हणजे मशीनचाच. लिही फॉर्मवर. का नाही लिहीत? दुसरं टोक बघायचंय? कशाला दुसरं टोक, पाइपला एक टोक पुरतं. दुसरं टोक सिंकखाली आहे आणि सिंकखाली सगळं ठीक आहे. सिंकचं पाणी बघ कसं सटासट जातं – हे बघ, सोडला नळ – गेलं की नाही? मग? सिंकखालच्या कपाटात काही नाही. घासणी, साबण, जुन्या पिशव्या. मी इथे टेकून उभी आहे कारण माझे पाय दुखतात. दुसरीकडे टेकता येतं, माहितीये मला, पण मला इथेच बरं वाटतं.

– हं.

– बरं बाबा. सरकले. असा केविलवाणा चेहरा करून उभा राहू नकोस. उघड.

– वाच, वाच. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलंय ते वाच. 'हा गरम. हा गार. बंद करताना उजवीकडे.' मुलांसाठी नाही लिहिलेलं, या घरात मुलं नाहीत. हे अक्षर यांचं. ज्या माणसाने चाळीस वर्षं अंधारात हात घालून नुसत्या बोटांनी ओळखलं गरम कुठला आणि गार कुठला, त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात पेन्सिलने लिहून ठेवलंय. कधी लिहिलं मला माहीत नाही. मी झोपले असताना असेल. मला एक दिवस साबण काढताना दिसलं. मी काही बोलले नाही. हेही बोलले नाहीत. मधे ओल्या हाताने पुसट झालं होतं, तेव्हा मी पेन्सिल घेऊन पुन्हा गिरवलं. यांच्या 'ग'सारखा 'ग' काढायला मला तीनदा खोडावं लागलं.

– आणि आता टॉर्च मारलायस तर दिसलंच असेल तुला, की सिंकच्या पाइपचा खालचा तुकडा नवा आहे. पांढराशुभ्र. जुना गळत होता, बुधवारी यांनी बदलला. मला म्हणाले, तू हो बाजूला, अर्ध्या तासाचं काम आहे. अर्ध्या तासाचंच होतं रे. चार तास लागले. मी बाहेर बसून पेपर वाचत होते, एकच पान. झाल्यावर बाहेर आले, हात पुसत म्हणाले, 'झालं. यापुढे वीस वर्षं बघायला नको.' आणि इतके खूश होते, इतके खूश, की मला वाटलं, चला, मुलाला कळवावं. हे झोपल्यावर मी मात्र आत जाऊन पाना घेऊन बसले. हो, मीच. सहा महिने झाले, हे काम करतात आणि मी मागून तपासते. कधी वॉशरच घातलेला नसतो. कधी सांध्यावर गुंडाळतात त्या पांढऱ्या पट्टीचे वेढे उलटे दिलेले असतात, आवळायला गेलं की सुटतात. मी काढते, सुलटे देते, आवळते, कपाट लावते. यांना वाटतं यांचा हात अजून तसाच आहे. वाटू दे ना. कोणाचं काय जातं? बुधवारी सगळे सांधे तपासले मी. एकही थेंब नाही. पट्टी सुलट, वॉशर जागेवर. मला कोण आनंद झाला. आणि नेमकं जे आत होतं ते मी बघितलं नाही, कारण ते बाहेरून दिसत नाही.

– काढ तो पाइप. काढ, आता लपवून काय करायचंय. फुंक आता. गेली ना हवा? आरपार. पाइपही ठीक. सगळंच ठीक आहे तुमच्या कंपनीचं, अभिनंदन. आता त्या नव्या तुकड्याच्या बाजूचं तोंड बघ, जिथे मशीनचा पाइप बसतो. बोट घाल. लागलं? पातळ पडदा लागला ना बोटाला, प्लास्टिकचा? ती चकती. कारखान्यातून ते तोंड बंदच येतं, ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्या घरी तिथून पाणी बाहेर येऊ नये म्हणून. मशीन जोडायची तर आधी सुरीने ती कापायची. पहिल्या दिवसाच्या पोरालाही हे शिकवतात. तुलाही शिकवलं असेल. यांनी अकरा जणांना शिकवलं. आणि यांची एक रीत होती – नुसती कापायची नाही, कापलेली चकती शर्टाच्या खिशात टाकायची. पाइप चढवायच्या आधी यांच्यासमोर खिशातून काढून दाखवायची. 'चकती दाखव, मग पाइप लाव.' एक जण म्हणाला, कापली हो उस्ताद, खाली पडली कुठेतरी, तर त्याला सगळा सांधा उघडायला लावला. यांचा नियम असा की डोकं चुकतं, खिसा चुकत नाही. स्वतःसाठीही तोच नियम. चाळीस वर्षं मी यांचे शर्ट धुतेय, आणि चाळीस वर्षं डाव्या खिशातून चकत्या काढतेय. एवढ्याएवढ्या, नाण्यांसारख्या. सुरुवातीला मला वाटायचं, काय हा कचरा आणतो हा माणूस घरी.

– गुरुवारी मी शर्ट धुतला.

– खिशात पेन्सिलीचा तुकडा होता. रुमाल होता. दुकानाची पावती होती, या तुकड्याची. मी खिसा उलटा केला. मग उजवा केला, त्याला उजवा खिसा नसतोच तरी. मग पँटचे केले. मग कचऱ्याचा डबा उलटा केला, गॅलरीत, पेपर पसरून. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की मला गुरुवारी सकाळी नऊ वाजताच माहीत होतं तुझ्या महाराणीला काय झालंय. तू येण्याआधी चार दिवस. म्हण आता, की मग मला कशाला बोलावलंत, माझा अर्धा दिवस कशाला घालवलात, मोटर कशाला उघडायला लावलीत. म्हण ना. तू काही म्हणणार नाहीस, मला कळलंय. तुझ्यासारखा ऐकणारा माणूस ठेवायला हवा घरोघरी, मशीनबरोबर फुकट. अरे, मला वाटलं, कदाचित दोन्ही असेल. चकतीही राहिली असेल आणि मोटरही जळली असेल. दोन बिघाड एकदम होतात की नाही? तुझ्या कामात झाले असतील. मग मी मोटरचं नाव सांगितलं असतं सगळ्यांना आणि दुसऱ्याचं कोणाला कळलं नसतं. आणि मलाही हळूहळू वाटायला लागलं असतं, की मोटरच होती. पाच दिवस म्हणत होते, जळलेली असू दे, देवा, एवढी मोटर जळलेली असू दे. एवढंसं मागितलं तर तेवढंही नाही.

– काप. सुरी आहे ना तुझ्याकडे? सावकाश, कडा खरखरीत राहू देऊ नकोस, हे असते तर ओरडले असते. हं. झालं? किती वेळ लागला, मिनिट? अर्धं? दे ती इकडे. दे म्हणते ना. बघ, केवढीशी आहे. नखाएवढी म्हणायला हरकत नाही. एवढीशीने चार बोटं पाणी अडवलं. आता ऐक माझं. चढव पाइप, आवळ क्लिप, लाव महाराणीला जागेवर. आणि ही मी ठेवते यांच्या खिशात. कालचा शर्ट खुंटीला आहे, त्याच्या डाव्या खिशात. म्हणजे कापली होती. बुधवारीच कापली होती, फक्त शर्ट बदलला. आणि पंपात काच अडकली होती. पेला फुटला होता मागे, त्याची टिकली. काय अडकलं होतं? काच. तूही तेच सांगायचंस. फॉर्मवरही काच लिही. लिही रे, तुझ्या साहेबाला काय कळतंय, काच काय आणि चकती काय. खोटं? तुला मोठं खरं-खोटं कळतंय! या घरात सहा महिने चाललंय त्यातलं सगळ्यात छोटं खोटं हे आहे, त्याला काय लाजतोस?

– बेल. आले. पाचला अजून वीस मिनिटं आहेत, हे आलेच कसे? अरे, आवर ती अवजारं. सिंकखालचं कपाट बंद कर. बंद कर आधी! काच. लक्षात ठेव. काच.

– या. मिळाला का वॉशर? नाही ना? मला वाटलंच, हल्ली काय मिळतंय धड. हा कंपनीचा मुलगा. झालंसुद्धा त्याचं, उगाच तुम्हाला त्रास नको म्हणून बोलावला. काच होती हो पंपात, पेल्याची टिकली. एवढीशी. काढली त्याने. हो ना रे? बोलत नाही तो फारसा, पण हात चांगला आहे. बघा, बादलीभर पाणी टाकलं तिने. अहो, पाणी प्या आधी, ऊन केवढं लागलंय तुम्हाला. तिथे कशाला वाकताय? गुडघे धरतील, मग मलाच उठवावं लागेल. सिंकखाली काही नव्हतं, सिंकखाली सगळं– मी सांगतेय ना, काच होती. मोटरीत. मोटरच– 

– काय?

– कुठली चकती?

– तुम्ही बघितला खिसा? कधी? बुधवारी रात्री? मी धुवायला घ्यायच्या आधी? मग बोलला का नाहीत? – मी? मला काय माहीत असणार, मी काय तुमचे खिसे तपासत बसते का. – हातात? हातात काही नाही माझ्या. – काही नाही म्हणते ना.

– अहो, मग पाच दिवस काय करत होतात तुम्ही?

– म्हणजे तुम्हालाही वाटत होतं, मोटर जळली असेल म्हणून? म्हणजे आपण दोघं– 

– रडत नाहीये मी. साबण गेला डोळ्यात.

– हो. दहा वाजता. हो, उद्याच. कोणी सांगितलं तुम्हाला? मुलाने फोन केला? कधीपासून माहितीये? तीनही वेळा रद्द केल्याचं?



– तू अजून इथेच उभा? झालं ना तुझं? सही कुठे करायची, दे इकडे. कारणाच्या रकान्यात काही लिहू नकोस. काहीच नको लिहूस, राहू दे तो मोकळा. तुझं काम चांगलं आहे. जा आता. जा म्हटलं ना. दार ओढून घे.

दार मी ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना फोन करून सांगितलं, की पहिल्या कॉलला उशीर होईल. गाडीच्या मागच्या सीटवरचे पाइप आणि मोटरींचे खोके मी काढून घरी ठेवले, सीट पुसली, नऊ वाजता त्यांच्या इमारतीसमोर गाडी लावली आणि हॉर्न न वाजवता बसून राहिलो.